शोध, शोद आणि एक सही

रविवार, ३ नोव्हेंबर १९५७

बसने किर्यात गातला जाऊन टपालातले पार्सल सोडवून आणले. मुंबईच्या ज्या मासिकाला मी चार वर्षे ‘इस्रायलची चिठ्ठी’ पाठवतो, त्याच्या संपादकांना या खेपेस चिठ्ठी नको आहे. परीक्षण हवे आहे. पुस्तकाचे नाव ‘सोळावा पंच’. रहस्यकथा, पृष्ठे तीनशे वीस, मुखपृष्ठावर पिस्तूल आणि एक बाई. सोबत संपादकांची ओळ : ‘भ्रष्ट पोलीस आणि सूड हा विषय आहे. आपल्या समाजात माजी पोलीस पुष्कळ. एखाद्याला विचारून अभिप्राय लिहावा.’

मुंबईच्या शाळेत मी बारा वर्षे संस्कृत शिकवले. इथे सकाळी कामगारांच्या कचेरीत रजिस्टरे भरतो. वसाहतीतले आपले मराठी ज्यू लोक मला अजून शास्त्रीबुवा म्हणतात. त्यात आदर किती आणि गंमत किती, हे मी मोजत नाही.

बायकोने, नाओमीने, मुखपृष्ठ निरखले. “ही बाई कोण?”

“अजून भेट झाली नाही.”

“झाली की घरी सांगा.”

मंगळवार, ५ नोव्हेंबर

रशियाने कुत्री आकाशात धाडली आहे. आमच्या वसाहतीत मात्र बोलणे एकच : कापसाच्या जिनिंग कारखान्यातला यंत्राचा पट्टा चोरीला गेला. नऊ हात लांब, अस्सल चामड्याचा. अशा चामड्याचे चपलांना तळ उत्तम बसतात, त्यामुळे कालपासून वसाहतीत माणसे एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहत आहेत.

कारखान्याचे पहारेकरी म्हणजे आमचे अबाजी झिराडकर. वय एकसष्ट. कुलाबा जिल्ह्यात पोलीस जमादार होते. मिशा अजून जमादारच आहेत. मला माजी पोलीस हवाच होता, म्हणून चार वाजता पाळी सुटल्यावर त्यांना चहाला बोलावले आणि पुस्तक मोठ्याने वाचायला घेतले. पण आधी त्यांना आपलीच हकीगत सांगायची होती.

“चौकीवर जबानी देऊन आलो. दुभाष्या नाय घेतला. स्वतः हिब्रूत बोललो.”

“आणि सही?”

“केली की. बाळबोधीत.”

“काय लिहिले होते ते वाचले?”

“हिब्रू वाचता येतं कुठं आपल्याला? पोलिसानं बोट ठेवलं, तिथं केली.” एवढे बोलून ते चहाच्या पेल्यात पाहू लागले. मग म्हणाले, “वाच तू.”

दोन प्रकरणे झाली. जयसिंग नावाचा लाचखाऊ फौजदार एका गरीब कारकुनावर चोरीचा आळ घालतो. लेखकाला विशेषणांची भारी हौस. एका वाक्यात फौजदार क्रूर, कपटी, कुटिल आणि कर्दनकाळ. क संपला म्हणून बिचारा थांबला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

कारखान्यात मजुरी करणाऱ्या आपल्या मेयरला कामावरून थांबवले. पट्ट्याच्या चोरीबद्दल त्याच्यावर आरोप आहे. चौदा दिवसांत बेर-शेव्हाला कोर्टापुढे उभे राहायचे. तोवर काम बंद, आणि आरोप टिकला तर तुरुंग.

ही बातमी मेयरने आणली नाही. तो तोंड मिटून घरी बसला आहे. बातमी आणली त्याच्या बायकोने, डेझीने. दाराशी पायताण काढायच्या आधीच सुरुवात.

“शास्त्रीकाका, तुमच्या त्या अबाजीकाकांना सांगा, मिशा काढून टाका! आपल्याच माणसाचं नाव घेतलं त्यांनी!”

“आत तर ये.”

“आत कशाला? सगळ्यांना ऐकू येऊ दे. तीन वर्षं शेजारी राहतो. माझ्या हातच्या आंबोळ्या खाल्ल्या त्या माणसानं!”

तिने कागद पुढे केला. जबानीची हिब्रू नक्कल. मी वाचली. पहारेकऱ्याने सोमवारी दुपारी दोन वाजता मेयरला कापसाच्या गोदामात पाहिले. मेयर तिथे ‘शोद’ करीत होता. शोद म्हणजे दरोडा. पुढचा रकाना ‘शस्त्र’, आणि तो कोरा. खाली बाळबोध, ठसठशीत सही : अबाजी शलोम झिराडकर.

“मेयर काय म्हणतो?”

“काय म्हणणार? ‘मी गोदामात होतो, पण चोरी नाय केली.’ कशाला होतास, विचारलं तर भिंतीकडं बघतो.”

नाओमीने तिला पाणी दिले. पाणी पिऊन ती पुन्हा अबाजींच्या मिशांकडे वळली.

रविवार, १० नोव्हेंबर

मान्य करतो, मला मजा वाटू लागली आहे. मेयरसाठी वाईट वाटते. पण कुतूहल हा माझा जुना रोग आहे आणि त्यावर इथल्या दवाखान्यात औषध नाही.

चामड्याच्या पट्ट्यासाठी ‘दरोडा’? शस्त्राचा रकाना कोरा? अबाजींसारखा माणूस असे बोलेल? नाही. मग कोणी घातले त्यांच्या तोंडात? पुस्तकात फौजदार जयसिंग हेच करतो : साक्षीदार बोलतो एक, कागदावर उतरते दुसरे. आमच्या चौकीवर रूवेन नावाचा शिपाई आहे, रुमानियाचा. शुक्रवारी त्याच्यामागून पाव घ्यायला रांगेत उभा राहिलो आणि त्याच्या चपला पाहिल्या. तळ नवा आहे. जाड आहे. चामडी आहे.

नाओमीला सांगितले. ती भाजी निवडत होती.

“तुमच्याही चपलेचा तळ नवा आहे.”

“माझा रबरी आहे.”

“मग त्यालाच विचारा, कुठून घेतला. आपल्यालाही होईल.”

अबाजी कालच्या शब्बाथला दुपारी वाचनाला आले. मेयरबद्दल विचारले तर म्हणाले, “मी त्याचं वाईट काय बोललो नाय. जे पाह्यलं ते बोललो. डेझी का भडकली, तेच समजत नाय.” मला ते खरे वाटले, आणि माझा रूवेनवरचा संशय आणखी पक्का झाला.

कालच्या प्रकरणात फौजदार खोटा पंचनामा लिहून जमादारापुढे सरकवतो. जमादार न वाचता सही करतो. कारकून तुरुंगात जातो आणि तिथेच मरतो. अबाजींनी मला थांबवले.

“नाव काय त्याचं?”

“कारकुनाचे? वामनराव.”

“नाय. जमादाराचं.”

“नाव दिलेले नाही. नुसता जमादार.”

“त्याचं पुढं काय होतं?”

“वाचू तेव्हा कळेल.”

ते उठले. म्हणाले, “पंचनाम्याला पंच दोनच लागतात. सोळावा कुठून आणला यानं?” मी हे टिपून घेतले. तज्ज्ञ अभिप्राय म्हणतात तो असा.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

उलगडा झाला, आणि माझी घोर निराशा झाली.

आज पुस्तक संपवले. वामनरावाचा मुलगा आफ्रिकेतून मोत्यांचा व्यापारी बनून परत येतो. दोनशे पाने तो सुडाच्या तयारीत आहे : दाढ्या लावतो, दाढ्या काढतो, सुरी पाजळतो. शेवटच्या प्रकरणात तो फौजदाराच्या बंगल्यावर पोहोचायच्या आत फौजदार जिन्यावरून घसरून मरतो. जिना नुकताच धुतलेला होता. म्हणजे या कथेचा खरा नायक तो जिना धुणारा गडी. आणि मुखपृष्ठावरची बाई आत कोठेच नाही.

सुडाला हिब्रूत ‘नेकामा’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘निकामी’शी त्याचे काही नाते नाही, परीक्षणात मात्र मी ते जोडणार आहे.

अबाजी सगळे संपल्यावरही बसून होते.

“आणि जमादार?”

“त्याचा पुन्हा उल्लेख नाही.”

“कायच नाय? शिक्षा पण नाय?”

“लेखक विसरला असेल.”

“असा कसा विसरतो?” त्यांचा आवाज चढला. मला वाटले, वाङ्मयीन दोष त्यांना माझ्याइतकाच टोचला. मी समजूत घातली, “जाऊ द्या. मधल्या भागात तो मुलगा शोध करीत हिंडतो, तेवढे बरे जमले आहे.”

“हां, शोध. तसाच आपला मेयर करीत होता. मी तेच तर बोललो चौकीवर. ‘मेयर ओसे शोध.’”

मी पुस्तक खाली ठेवले. “पुन्हा बोला.”

“ओसे म्हणजे करतो. मेयर ओसे शोध. कापसाच्या ढिगात बॅटरी घेऊन काय तरी शोधत होता. शोधाला हिब्रू आठवंना, म्हणून आपला शब्द घातला. मी म्हटलं, समजेल त्याला.”

समजला. त्याला पुरेपूर समजला. आपला ‘शोध’ त्याच्या कानाला ‘शोद’ लागला, आणि त्याने तो जसा ऐकला तसा लिहिला. शस्त्र कोणते हे अबाजी सांगेनात म्हणून रकाना कोरा ठेवला. प्रामाणिक माणूस.

मी अबाजींना शब्दाचा अर्थ सांगितला. मला हसू येत होते. अबाजी हसले नाहीत. हातातला चहा तसाच ठेवून म्हणाले, “म्हणजे मी पुन्हा न वाचता सही केली.”

“पुन्हा?” असे मी विचारले की नाही, आता आठवत नाही. मी तेव्हा घाईघाईने मेयरकडे निघालो होतो.

मेयर पायरीवर बसून अश्दोदच्या नव्या गावाची जाहिरात वाचत होता. मजूर हवेत म्हणे. मी एकदम विचारले, “गोदामात काय शोधत होतास?”

त्याने आधी घरात डोकावून पाहिले. मग हळूच, “अंगठी. सासऱ्यानं दिलेली. दुपारी जरा कापसावर आडवा झालो होतो, तिथं बोटातनं निसटली. शास्त्रीकाका, डेझीला नका सांगू.”

“अरे, तू तुरुंगात जाशील!”

“तुरुंगातनं सुटतो माणूस.”

डेझी दारात उभी होती. पुढचे लिहीत नाही. लिहायला तेवढा वेगवान टाक नाही. सारांश : “अंगठीसाठी मला विधवेसारखं बसवणार होतास? आणि ती घट्ट करून घे म्हणून मी किती वेळा बोलले?”

बुधवार, १३ नोव्हेंबर

अबाजी उद्या जबानी बदलायला जाणार. कारखान्याच्या मुकादमाला हे कळले. तो म्हणाला, “आपण काय पाहिले हेच ज्याला ठरवता येत नाही, तो पहारेकरी काय कामाचा?” अबाजींनी मला हे सांगितले आणि वर म्हणाले, “बेसेदेर, ठीक हाय. बोलू दे त्याला.” दुभाष्या म्हणून मी बरोबर.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली, एक टेबल आणि रूवेन. माझ्या मनातल्या जयसिंगाला सर्दी झालेली होती. त्याने आम्हाला बसायला खोके दिले. शोध आणि शोद यांतला फरक मी संस्कृतच्या तासाला समजावतात तसा समजावला : कुठे जिभेमागून वारा सुटतो, कुठे सुटत नाही. त्याने “शोध” म्हणून पाहिले, शिंकला, आणि हसत म्हणाला, “मलाही वाटले होते, बॅटरी घेऊन कोण दरोडा घालतो!” एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला. मेयर सुटला. पट्टा कोणी नेला, हे त्याला माहीत नाही आणि मलाही कळले नाही. एवढा शोध घेऊन हे फळ. (चपला त्याने पेताह तिक्वाला घेतल्या आहेत. विचारून घेतले.)

मग सहीसाठी त्याने कागद पुढे केला. अबाजींनी हात मागे घेतला.

“आधी सगळं वाच. एकेक ओळ. मराठीत सांग.”

सगळे वाचले. तारीख, पत्ता, वडिलांचे नाव, सगळे. रूवेन नाक पुसत थांबला.

“आता ह्याला सांग, खाली आणखी लिही.” अबाजी उभे राहिले. जमादार साहेबापुढे उभा राहतो तसे. “सन अडतीस. मी जमादार होतो. फौजदारानं लिहिलेला पंचनामा पुढं केला. चोरीचं भांडं गणपत म्हात्र्याच्या घरात मिळालं, म्हणून. भांडं मी पाह्यलं नव्हतं. मराठीत होता कागद. वाचता येत होतं मला. तरी न वाचता सही केली. गणपत तीन वर्षं आत गेला. त्याची मुलगी सहा वर्षांची होती. हे लिही म्हणावं.”

रूवेन माझ्याकडे पाहू लागला. “काय म्हणतो?”

आता खरे लिहितो. मला वाटले, म्हातारा माणूस, भावनेच्या भरात बोलतो आहे. एकोणीस वर्षांपूर्वीचे कुलाबा जिल्ह्यातले भांडे या पत्र्याच्या खोलीत कोणाच्या कामाचे? नोकरी आधीच डळमळीत. त्यात आपणच कागदावर लिहून द्यायचे की पूर्वी खोटी सही केली आहे? मी म्हणालो, “तो म्हणतो, डोळे अधू आहेत, म्हणून पहिला कागद नीट पाहिला नाही.”

रूवेनने तसे लिहिले.

“सगळं लिहिलं?” अबाजींनी विचारले.

“सगळे.”

त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर टोपी काढून कपाळ पुसले आणि बराच वेळ उन्हात उभे राहिले. मला वाटते मी योग्यच केले. दुभाष्याला तारतम्य लागते.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

मेयर कामावर. डेझीने अबाजींना आंबोळ्या पाठवल्या, मलाही. माझ्या कमी होत्या.

अबाजींचा पहारा काढून घेतला. आता ते सरकी झाडतात, पोती शिवतात. मला वाटले मुकादमाने आपले बोलणे खरे केले. कचेरीत जाऊन भांडलो. त्याने नव्या जबानीची नक्कल माझ्यापुढे टाकली आणि एका ओळीवर बोट ठेवले : ‘साक्षीदाराचे डोळे अधू आहेत.’

“आंधळा पहारेकरी ठेवू?” म्हणाला.

मी न भांडता बाहेर आलो. हे सहसा होत नाही.

संध्याकाळी अबाजी भेटले. मिशांत कापूस. मी म्हणालो, “अन्याय आहे.”

“नाय रे. आपण स्वतः तोंडानं कबूल केलं, कागदावर आलं, त्याची शिक्षा झाली. बरोबर हाय.” आणि खरेच, माणूस पाच वर्षांनी लहान दिसत होता. म्हणाले, झोप लागते.

परीक्षणाचा पहिला खर्डा केला. ‘कथेतील जमादाराकडे लेखकाचे दुर्लक्ष’ असे एक वाक्य लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. नाओमी म्हणाली, “आज भातावर दोनदा मीठ घेतलंत. त्या मुखपृष्ठावरच्या बाईचं काय?” मी तिला चौकीतले सगळे सांगितले. तिने बाईचा विषय पुन्हा काढला नाही. तिच्या बाबतीतही हे सहसा होत नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

अबाजी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दुपारी दोनला आले. अंगात धुतलेला सदरा, खिशात जबानीची नक्कल. चौकीवरून मागून आणली होती.

“गणपत वारला. त्याची मुलगी पेणजवळ दिलेली हाय. पत्ता मागंच मिळवला होता मी, झिराडला लिहून. तिला हे पाठवायचंय. तिला हिब्रू कुठनं येणार? तू खाली मराठीत उतरव.”

मी कागद घेतला. मुळात नसलेले शब्द अर्थासाठी बाहेरून आणावे लागतात, त्याला आमच्या शास्त्रात अध्याहार म्हणतात. मी मनाला सांगितले, हा अध्याहार आहे. आणि लिहिले : सन अडतीस, जमादार, भांडे, पंचनामा, वाचता येत असून न वाचता केलेली सही. सगळे. त्यांचेच शब्द होते; एकही विसरलो नव्हतो.

अबाजींनी चष्मा लावला आणि वाचायला बसले. ओळीखाली बोट धरून. एकदा संपले, पुन्हा पहिल्यापासून. मधेच म्हणाले, “‘चोरीचे भांडे’ नको. ‘चोरीचे म्हणून दाखवलेले भांडे.’” मी दुरुस्त केले. पुन्हा वाचले. मग स्वतःची सही केली आणि कागद माझ्याकडे फिरवला.

“आता तू. ‘भाषांतर मुळाबरहुकूम आहे’ असं लिही आणि कर सही. नायतर ह्याला काय किंमत?”

मी लिहिले. भाषांतर मुळाबरहुकूम. आणि हात थांबला. नाओमी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. पण तिच्यामुळे नव्हे.

“अबाजी, मुळात हे नाही.”

“काय नाय?”

“गणपतचे काहीच नाही. मी रूवेनला सांगितलेच नाही. तुमचे डोळे अधू आहेत, एवढेच म्हणालो. त्याच ओळीवरून पहारा गेला.”

 अबाजी शिव्या देतील असे वाटले. जमादारी शिव्यांचा साठा मोठा असतो. त्यांनी चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला.

“आणि तू सही करणार होतास?”

“लिहिले होते. सही नव्हती केली.”

“हां. मी तेवढं पण थांबलो नव्हतो.”

मग त्यांनी घड्याळ पाहिले. “चौकी चारपर्यंत उघडी असते. ऊठ.”

चौकीवर पोहोचलो. रूवेनची सर्दी बरी झाली होती. मी त्याला आधी माझे सांगितले, मग त्यांचे. पहिल्यावर त्याच्या भुवया चढल्या. दुसऱ्यावर तो म्हणाला, “पण हे माझ्या हद्दीतले नाही. देशही दुसरा. याचे मी काय करू?”

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला.

“काय नको करू म्हणावं,” अबाजी म्हणाले. “लिही. आणि ते डोळ्यांचं खोड.”

रूवेनने कोरा कागद ओढला. सन लिहिला, जिल्हा लिहिला. मग लेखणी थांबली. “माणसाचे नाव?”

म्हात्रे. आमच्या शोधाने चौकीत आधीच एक घोटाळा घातला होता. आता हा म्ह. हिब्रूत असे जोडाक्षर नाही. त्याने एकदा लिहिले, मी वाचले : मात्रे. अबाजींनी मान हलवली. दुसऱ्यांदा : महातेर. “नाय.” रूवेन वैतागला नाही. अक्षरांखाली स्वरांचे ठिपके देत, मुलांच्या पुस्तकात देतात तसे, त्याने तिसऱ्यांदा लिहिले आणि कागद माझ्याकडे वळवला.

“म्हात्रे,” मी वाचले. “गणपत म्हात्रे.”

“पुन्हा वाच,” अबाजी म्हणाले.

मी पुन्हा वाचले. मग त्यांनी सहीसाठी हात पुढे केला.